टिल्लू, सोमवारी सही करू नकोस

प्रिय टिल्लू,

आधी शिव्या खाऊन घे. तू जेवणाचं ताट तसंच परत पाठवतोस, वर नर्सलाच ऐकवतोस म्हणे, माझी ताई डॉक्टर आहे, तिला सगळं कळतं. गधड्या, ताईला काय कळतं तेच सांगायला बसलेय. फोनवर जमत नाही. तू काहीतरी पाचकळ बोलतोस, मी हसते आणि सगळं राहून जातं.

गेल्या वर्षी तुझ्या मणक्याजवळची गाठ काढली, तिचा तुकडा तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला. आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, आणि शंका आली तर नाव झाकून आणखी दोघांना दाखवायची. मी दोन्ही मोडले. तुझं नाव दिसताच ट्रे उचलून माझ्या टेबलावर आणला. नसेच्या आवरणाच्या साध्या गाठी आम्ही नेहमी बघतो, कॅन्सरची क्वचितच. एका कोपऱ्यात पेशी दाटीवाटीने होत्या, बऱ्याच दुभंगत होत्या, कॅन्सरमध्ये असतात तशा. मला दिसल्या रे! पण तू नुकताच बाप झाला होतास, आई बाहेर बाकावर बसली होती. मी छातीठोकपणे साधी गाठ म्हणून लिहून मोकळी झाले. त्यामुळे तुला रेडिएशन दिलंच नाही. आठ महिन्यांनी तुझा पाय बधिर झाला, तेव्हा आमच्या लॅबच्या सरांनी तीच स्लाइड काढली, पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. वेळेत ओळखलं असतं तर वाचला असतास का, कुणीच सांगू शकत नाही. गाठ मुळातच वाईट. पण मला त्याने काडीचाही दिलासा मिळत नाही.

आता ती परत आलीय, फुप्फुसांतही पोचलीय, हे तुला ठाऊक आहे. ऑपरेशनचं काय ते ताईला सांगा, म्हणून तू हात झटकलेस. सर्जननी मला स्पष्ट सांगितलं, पायांच्या नसा कापाव्या लागतील आणि त्याने आयुष्य वाढणार नाही. मी तुला एवढंच म्हटलं, करून टाकू. माझी चूक निस्तरल्यासारखं मला वाटावं म्हणून, तुझे पाय देऊन. लाज वाटते मला. सोमवारी ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणतील, त्यावर सही करू नकोस. दुखणं कमी करायची औषधं घरीही देता येतात, सगळी सोय केलीय. तुझ्या बायकोला खरं सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. तूही बोलू नकोस हवं तर, पण काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी घरी ये.

तू तोंड फिरवलंस तरी तुझीच,
ताई