सेनापतीनं अजून काही केलेलंच नाही

लातूर,
आषाढ वद्य दशमी

आदरणीय बसवंतदाजी यांस,

विरूपाक्षचा शरणु शरणार्थ. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; खरं कसं आहे ते पुढं येईलच. तुमची शुगर आटोक्यात असावी, सकाळचं धरणापर्यंतचं फिरणं चालू असावं, आणि वरच्या खोल्यांतल्या पोरांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना तुमची डिश पुन्हा हलवली नसावी, अशी आशा करतो. शिवकांता नमस्कार सांगते. पत्र लांबवू नका, मुद्द्याचं लिहा, असंही तीच सांगते. मुद्दा असा की पंचमी तोंडावर आली आहे आणि आमची अक्का, म्हणजे तुमची गंगम्मा, म्हणते की मी यंदा माहेरी येत नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. केला होता. अक्कानं उचलला, 'हाव, बोल' म्हणाली आणि मी बोलायला लागल्यावर फोन तसाच चालू ठेवून कणीक मळायला गेली. बराच वेळ मी तुमच्या परातीला माझी बाजू समजावून सांगत होतो. दरवर्षी पंचमीला मी मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला विष्णुपुरीला येतो. येणं न येणं ईश्वराच्या हाती. पण 'येत नाही' असं अक्का स्वतःच्या तोंडानं कधी म्हणाली नव्हती. आई-बाबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच उरलो आहे, आणि माहेरानंच असं काही लिहून ठेवावं, हे तिला लागलं आहे. काय लिहिलं, ते आता सांगतो.

टीव्हीवर परदेशातली एक मालिका हिंदीतून लागायची. आकाशात फिरणारं एक जहाज, त्यात चांगली माणसं, आणि त्यांच्या मागे लागलेला सेनापती झोरगा. ही मालिका मध्येच बंद झाली. जहाजाला आग लागली आहे आणि सगळे एकमेकांकडे बघताहेत, एवढ्यावर. (आपल्याकडे कीर्तनकारसुद्धा भस्मासुराला डोक्यावर हात ठेवायला लावल्याशिवाय उठत नाही.) लातूर-नांदेडकडच्या आम्हा काही जणांना ते सहन होईना, म्हणून मोबाईलवर ग्रुप काढला आणि ज्याला जमेल त्यानं पुढची गोष्ट लिहावी असं ठरलं. जमेल असं फक्त मला वाटलं. पेरण्या उरकल्या की बियाणांच्या दुकानात दुपारी कुणी फिरकत नाही. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, पण निबंध माझाच वर्गात वाचून दाखवायचे, ती खोड अजून गेलेली नाही. लिहीत गेलो. मालिकेत हा झोरगा काळा आहे. चांगली माणसं सगळी गोरी. मी ते तसंच घेतलं, आणि वर पदरचंही घातलं. तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट, डोळे इंगळासारखे, ओठ जाड, बोलणं नाही, नुसतं गुरगुरणं. तो आला की मागं ढोल वाजतात. लोकांनी पसंतीचे अंगठे दाखवले. मला वाटलं, जमतंय.

आता तुमच्या वरच्या खोलीतला जुमा. पोरगा टांझानियाहून फार्मसी शिकायला नांदेडला आला, हे मला ठाऊक होतं. अक्काच्या हातची धपाटी खाऊन मराठी शिकला, हेही ठाऊक होतं. पण चष्म्यानं अक्काचं डोकं दुखतं म्हणून तो तिला संध्याकाळी मोबाईलवरची माझी गोष्ट वाचून दाखवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भावाचं लिहिणं म्हणून अक्का कौतुकानं ऐकायची आणि त्याचे उच्चार सुधारायची. तो प्रसंग तुम्ही पायरीवर बसून पाहिलाच असेल. 'काळाकुट्ट' हा शब्द त्याला जमेना. अक्का म्हणाली, "कुट्ट म्हण बाळा. जोर दे. कुट्ट." त्यानं पुन्हा पुन्हा म्हटला. नीट जमला तेव्हा ती "आता कसं" म्हणून हसली, आणि मग तिचं त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. दाजी, हे मला जुमानंच फोनवर सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. मला मात्र दुकानातल्या स्टुलावर बसवेना.

मी माफी मागायला लागलो. तो म्हणाला, "मामा, ते ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. तुमच्या गोष्टीत त्याला पाहून सगळे पळून राहिले. पण त्यानं केलं काय?" मी म्हटलं, अरे, तो दुष्ट आहे. "हाव, पण केलं काय?" फोन ठेवून मी पहिल्यापासून सगळे भाग वाचून काढले. दाजी, शपथेवर सांगतो, त्या माणसानं काहीही केलेलं नव्हतं. येतो, उभा राहतो, हसतो, जातो. मुंगीलासुद्धा पाय लावलेला नाही. बाकीचं सगळं काम मी त्याच्या कातडीकडून करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलो. तुम्हाला सांगायला नको, आपण इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो आणि नजर लावून बसतो. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून मी रोज हे करत आलो आहे. त्या दिवशी प्रथमच मनात आलं, की ज्याच्यावर मी नजर लावतो ते काळंभोर आहे. ते काळं आहे म्हणून मन निवतं, असं मी कुणालाही सांगितलं असतं. आणि भस्म लावून, चहा पिऊन, तोच मी दुकानात जाऊन लिहितो की काळा होता म्हणून लोक भ्याले. विभूती कपाळावर तशीच होती. त्या दिवशी दुकानात बसलो, पण एक ओळ लिहिली नाही, आणि शिवकांतानं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

मग सुधारायला घेतलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले. प्रथम झोरग्याला गोरापान केलं. युद्धात कसलीशी वाफ लागली आणि उजळला, असं कारण दिलं. लगेच अर्धापूरच्या एका केळीवाल्यानं लिहिलं, हा नायकाचा हरवलेला भाऊ असणार, मला आधीच शंका होती. नायगावच्या एका बाईंनी त्याचं लग्न झालंय का विचारलं. (त्यांच्या मनात नणंद होती असं नंतर कळलं.) मग रंगच काढून टाकला. उंच माणूस, एवढंच ठेवलं. तर ग्रुपवरच्या एकानं मोबाईलकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि टाकलं. काळाकुट्ट, डोळे इंगळासारखे. मी एक अक्षर लिहिलेलं नसताना! म्हणजे ते आता माझ्या हातात उरलं नव्हतं. लोकांच्या डोक्यात होतं आणि यंत्राच्याही.

तिसऱ्या खेपेला मी पुन्हा त्याला काळा केला आणि मनापासून चांगला केला. त्याला आई दिली. ती त्याची दृष्ट काढते. तो पहाटे उठतो, भस्म लावतो, उपाशी माणसाला जेवू घातल्याशिवाय जेवत नाही. लिहिताना माझेच डोळे भरून आले. ग्रुपवर लोकांनी हात जोडले आणि जहाजवाल्यांनी त्याला शरण जावं असं मत पडलं. मी अभिमानानं जुमाला फोन लावला. त्यानं आधी सगळा भाग वाचून घेतला. मग म्हणाला, "मामा, ह्यो तर तुम्हीच झालात. आता वाईट कामं कोण करणार? काळ्या माणसाला वाईट व्हायचा बी हक्क हाय की! फक्त काळा हाय म्हणून नगा करू." आणि वर, "एवढं मोठं जहाज, लई माणसं. चांगल्यांमदी एक बी काळा न्हाई? तिकीट मिळालं न्हाई का आमच्या लोकांला?" मी तातडीनं जहाजावर एक डॉक्टरीण चढवली. काळी, शांत, आणि कप्तानाला चार गोष्टी सुनावणारी. (थोडी अक्कासारखी झाली आहे. ते मुद्दाम नाही.)

दाजी, माणूस दुष्ट कशानं होतो याचा मी पन्नाशीला येईपर्यंत विचारच केला नव्हता. वाईट माणूस आपल्याला दुरून दिसावा, त्याच्यावर खूण असावी, आणि ती खूण आपल्या अंगावर नसावी, एवढीच आपली सोय बघत आलो. पण विचार करून झाला आहे. सेनापती आता पुरता बदलला आहे. रंग आहे तोच, स्वभाव मात्र त्याचा स्वतःचा, आणि तो वागतोही त्या स्वभावानंच. नवा भाग काल पाठवला. जुमा तो अक्काला वाचून दाखवील. तुम्ही अक्काजवळ माझ्यासाठी एक शब्द टाकावा. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन मुऱ्हाळी येतो. तिनं नाही म्हटलं तर यंदा आमच्या झोक्यावर कुणी बसणार नाही, आणि शिवकांता मला लाह्याही देणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
विरूपाक्ष

ता. क. – हा नवा स्वभाव कुठून आणला ते लिहायचं राहिलं. जुमानं सल्ला दिला होता की ओळखीतल्या माणसाचं वाईटपण घ्या. मी सगळं गणगोत नजरेखालून घातलं. महादेवाच्या कृपेनं आपल्यात खुनी-दरोडेखोर कुणी निघालं नाही. म्हणून जे घरात होतं तेच घेतलं. सेनापती झोरगा आता कुणाला मारत नाही. त्याची राणी दरवर्षी माहेरच्या ग्रहावर जायला निघते. तो म्हणतो, "जा की. मी कुठं अडवलंय?" आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या कमरेत उसण भरते. तो आडवा होतो. "तू जा गं, माझं काय, कुणीतरी पाणी देईल." राणी पिशवी रिकामी करते. न्यायला आलेला भाऊ लाह्यांचा डबा तिथंच ठेवून रिकामं जहाज घेऊन परततो. तसा मी किती वेळा परतलो, ते तुम्हाला माहीत आहे.

ता. क. २ – नवा भाग ग्रुपवर सगळ्यांनी वाचला. केळीवाल्यानं लिहिलं, आज पहिल्यांदा भीती वाटली. नायगावच्या बाईंनी विचारलं, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जुमा म्हणाला, "आता जमलं, मामा. काळाच हाय, पण भ्या वाटतं ते त्याच्या उसणीचं."

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार एवढ्यात अक्काचा फोन आला. भाग ऐकून झाला म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलली नाही; एवढंच म्हणाली, "त्या राणीनं पिशवी सोडली कशाला? येडी हाय का?" आणि तिची पिशवी आताच भरून झाली आहे. जुमालाही पंचमी दाखवायला आणते आहे. तेव्हा वर अक्काजवळ शब्द टाका म्हणून लिहिलं, ते आता वाचू नये. दरवर्षीची अडचण तिची नव्हतीच. तुम्ही झोरग्याचा तो भाग वाचू नये, आणि पायरीवर बसून कानावर पडला असेल तर तो दुसऱ्या ग्रहावरचा समजावा. ग्रुपवर दोन तट पडले आहेत: यंदा सेनापती राणीला जाऊ देईल, आणि देणार नाही. मला विचारतात. मी कोण सांगणार? शनिवारी सकाळी मी दाराशी येतो. तुम्ही फक्त उभे असा.