भावाचा वाटा भावाला, त्याच्या पोरांसमोर

मी जैतूनबी दस्तगीर मुलाणी, वय बावन्न, काम चाकणच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणे, राहणार काळेवाडी, अल्लाहला हजर मानून, कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शिक्षण चौथी, पण अक्षर माझंच.

माझे पती वारले. मागे एकच मुलगी रिझवाना आणि एकच सख्खा भाऊ दिलावर तांबोळी. वडील गेले तेव्हा चाकणच्या जागेचं हक्कसोडपत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, "जैतून, बहिणी वाटा घेत नसतात. सही कर, माहेर शाबूत राहील." आमच्याकडच्या सगळ्या करतात तशी मूर्खासारखी मीही केली.

आता तो मशिदीच्या जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर तरण्या पोरांना बसवून सांगतो, दुसऱ्याचा हक्क खाऊ नका. एकदा मी मशिदीच्या दारातूनच विचारलं, "भाईजान, मग माझा हक्क कुठाय?"

"पोरांसमोर तमाशा नको. घरी ये."

घरी गेले तर दाराला कुलूप.

काळेवाडीची खोली माझ्या कष्टाची. शरियतप्रमाणे माझ्या मर्जीने तिसरा हिस्साच देता येतो. तो मशिदीतल्या मुलींच्या वर्गाला. वर्ग घेणाऱ्या हाफिज मुबारकसाहेबांनी पहिला धडा मुलीच्या वाट्याचा घ्यावा, आणि पोरांनाही तिथं बसवावं. हे सगळं पार पाडायचं कामही त्यांचंच. उरलेल्यात शरियतनेच अर्धं रिझवानाचं, अर्धं दिलावरचं. होय, दिलावरचं. लोक म्हणाले, जिवंत आहेस तोवर सगळं पोरीच्या नावावर करून टाक. नाही करणार. फक्त त्याचा वाटा त्याला जुम्म्याला, त्याच्या त्याच तरण्या पोरांसमोर द्यावा, आणि "मी बहिणीकडून वाटा घेतला" असं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं.

रिझवानाने मामाच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. तो रडला तरी.

जनाज्याच्या नमाजआधी जमलेल्यांना सांगतात, मय्यतीला माफ करा. तेव्हा हाफिजसाहेबांनी मोठ्याने हेही सांगावं की मय्यतीने दिलावरला माफ केलेलं नाही. त्याने तिथंच उभं राहून माझा चाकणचा वाटा रिझवानाला कबूल केला, तर केलं माफ. मातीनंतर दिला तर रिझवानाने खुशाल घ्यावा. माफीसाठी मात्र त्याला मी असेन तिथं यावं लागेल.

वाचून, समजून सही केली.

जैतूनबी दस्तगीर मुलाणी

आमच्यासमोर सही झाली:
१. शालनबाई ज्ञानदेव नढे, शेजारीण
२. सिद्धेश अर्जुनराव कड, कॅन्टीन सुपरवायझर

काळेवाडी, ३ ऑक्टोबर २०२५