पप्पांच्या छातीवरची पट्टी

पप्पा, तुमच्या छातीवर ती पट्टी पहिल्यांदा मीच चिकटवली. सुदामा नगरच्या घरात, सकाळचे पोहे झाल्यावर. बनियन वर करून तुम्ही असे ताठ उभे राहिलात, जसं काही फौजेतलं मेडिकलच चाललंय. मी सांगितलं, ही आमच्या कंपनीची, वायरलेस आहे, दिवसभर ठोके मोजणार आणि तुकोगंजला आमच्या ऑफिसच्या पडद्यावर दाखवणार. महूच्या वर्कशॉपात तुमची सगळी नोकरी मशीनचे काटे बघण्यात गेलेली, तुम्हाला तर मजाच वाटली. शेजाऱ्यांना सांगत सुटलात, "हमारी बेटी ऑफिस में बैठे-बैठे दिल देखती है." दर तिसऱ्या दिवशी छातीवरचे केस काढून, नव्या पट्टीसाठी तयार बसायचात.

मग मला चटकच लागली. ऑफिसात डॉक्टर लोक पट्टी बघायला आले, की मी तुम्हाला फोन करायची आणि तुम्ही गच्चीपर्यंत जिना चढायचात, दोनदा. इकडे रेघ पळायला लागायची, डॉक्टर माना डोलवायचे. आई ओरडेल म्हणून तिला तुम्ही सांगायचात, व्यायाम करतोय. सत्तरी उलटलेल्या बापाला मी पडद्यासाठी पळवत होते आणि वर त्याचं मला कौतुक होतं. आता आठवलं की लाज वाटते, दुसरं काही नाही.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "बेटा, आज छातीत जरा जड वाटतंय. कल कर लें?" समोर चार डॉक्टर बसलेले. मी आवाज खाली करून म्हटलं, "गॅस असेल पप्पा. दोनदाच चढा ना, प्लीज." तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, साहेब." पहिल्या खेपेला रेघ नीट पळाली. दुसऱ्या खेपेला वेडीवाकडी झाली. एका डॉक्टरबाईंनी विचारलंसुद्धा, "ये क्या है?" मला कळलं होतं पप्पा, रोजचं काम होतं माझं ते. तरी मी म्हटलं, "पट्टी हिल गई है, मॅडम," आणि पडद्यावर पुढचं पान लावलं. आईचा फोन आला तेव्हा मी बॅटरी किती दिवस चालते ते सांगत होते. तुम्ही जिन्यातच बसून राहिला होतात.

दवाखान्यात आईने मला एकच विचारलं, "दुखतंय म्हणून तुला काही बोलले होते का?" मी नाही म्हटलं. इतकी वर्षं झाली, तिचा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे पत्र खरं म्हणजे तिच्या हातात द्यायला हवं, पण माझी हिंमत होत नाही, घडी घालून कपाटात टाकणार आहे. काल तुमच्या फोटोला हार घालताना ती पुन्हा म्हणाली, "मला नाही तर नाही, निदान पोरीला तरी सांगायचं होतं. इतका कसला हट्ट?" आणि मी, पप्पा, तिच्या शेजारी उभी राहून म्हटलं, "जाऊ दे ना आई, ते होतेच तसे."