एर्सिलियाचा खोकला

२ ऑक्टोबर

झालो अध्यक्ष! रोक्कासोर्बा प्रजासत्ताकाची अर्थव्यवस्था पुन्हा कशी उभी करायची, याच्या चौकशी समितीचा. दरड कोसळून रस्ता गेला, तेव्हापासून पासपोर्टवर आमचा शिक्का मारून घ्यायला येणारे प्रवासी बंद. दुकानं बंद. माणसं एकेक करून खाली इटलीत. मी उभा राहून बोललो — इटलीपासून फुटलो ते कुढत बसायला नव्हे! चेस्टनटची जुनी गिरणी सगळ्यांनी मिळून चालवू, आपलं पीठ आपल्या शिक्क्यानं विकू! टाळ्या पडल्या.

मग मागच्या बाकावरून खोकला आला.

आमच्या सभेत शेजाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. खोकतात. एक खोकला, की ठराव पुढच्या बैठकीला. कारण विचारायचं नाही, अशी रीत.

खोकली कोण? माझी बायको, एर्सिलिया!

९ ऑक्टोबर

साक्षी. निव्हेस बेकरीवाली म्हणाली, “अध्यक्षमहाराज, पीठबीठ ठीक आहे हो. माझी मुलगी काय कामधंद्यासाठी गेली खाली? पोर तापानं फणफणलं, म्हणून गेली. डॉक्टर कुठंय तुमच्या राष्ट्रात?”

विषय अर्थव्यवस्थेचा आहे, मी म्हणालो. समितीतला म्हातारा ओत्ताव्हिओ पुटपुटला, “माणसं उरली नाहीत तर पीठ काय माझ्या शेळ्यांना विकणार?” हशा. मी आवाज चढवला. इटलीनं देऊ केलेला दवाखाना आपण परत पाठवला तो ताठ मानेनं! त्याच्या दारावर त्यांचा झेंडा होता! निव्हेस खाली बसली.

एर्सिलिया पुन्हा खोकली.

११ ऑक्टोबर

बोलत नाही तिच्याशी. घरी पोलेंटा वाढते, सभेत खोकते!

१६ ऑक्टोबर

आजही. चेस्टनट झाडांखाली कुजायला लागलेत. बाहेर पडताना ओत्ताव्हिओ म्हणाला, “अरे, एवढ्या खोकल्यांत दुसऱ्या कुणी सरकार पाडलं असतं. तिलाच कर ना अध्यक्ष!” हसलो नाही. घरी येऊन ओरडलो — काय खटकतं ते तोंडानं सांग! तिनं शालीत तोंड खुपसलं. रीत मोडली मी. तिनं पाळली.

२१ ऑक्टोबर

रुमालावर रक्त. तिनं चुलीत टाकायच्या आत मी पाहिलं.

अख्खी सभा विरोध समजून बसली. बाईला नुसता खोकलाही होऊ शकतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! माझ्याही.

२३ ऑक्टोबर

ओत्ताव्हिओच्या खेचरावर बसवून, दरडीवरून, खाली इस्पितळात आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतके दिवस काय करत होतात?”

काय सांगू? सभा घेत होतो.

२८ ऑक्टोबर

आज थोडी बोलली. मी विचारलं, “ते खोकले आजाराचेच होते ना गं?”

“पहिला आजाराचा.” हसायला गेली, धाप लागली. “पुढचे माझे. निव्हेस खरं बोलत होती, तू तिला गप्प बसवलंस. उभं राहून भांडायला दम कुठला? होतं ते वापरलं.”

“मग तेव्हाच खाली यायचं होतंस!”

“तुझी बायको? इटलीच्या दवाखान्यात?” तिनं माझा हात थोपटला. “लोक काय म्हणाले असते रे तुला, वक्त्या?”

एवढी पुस्तकं वाचली. एवढी भाषणं केली. शेवटी तिची उशी तेवढी सरळ केली.

३ नोव्हेंबर

एर्सिलिया गेली. पहाटे.

१४ नोव्हेंबर

अहवाल वाचला. भाषण केलं नाही. शिफारस एकच — इटलीचा दवाखाना परत बोलवावा, झेंड्यासकट.

कुणी खोकलं नाही. शेवटी निव्हेसनं हळूच विचारलं, “कुठं मांडायचा?”

म्हणालो, इथंच, सभागृहात. बाक काढून टाका. गावात हिवाळ्यात ऊन येतं ते याच खोलीत.