एलीचेचीचे ओठ

ओट्टप्पालम,
चिंगम महिन्याचा पहिला रविवार

प्रिय एलीचेची,

पत्राच्या सुरुवातीला ‘तू खुशाल असशील’ असं लिहितात. मी लिहीत नाही. मी खुशाल आहे, एवढं मात्र खरं. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यापेक्षा कमीच कुरकुर करतात असं रमणी म्हणते. ती माझा स्वयंपाक करते म्हणून तिला सगळं बोलायची मुभा आहे. अंगणात ओणमची फुलांची रांगोळी घालायला तिनं सुरुवात केली आहे, आणि शेजारची कोंबडी रोज ती विस्कटते. नदीला पाणी बरं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की जॅन्सी उचलते आणि ‘अम्माची झोपल्यात’ म्हणते. भर सकाळी! तुझी सून गुणाची आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही. तिला माझ्याकडे पाठव थोडे दिवस, शिकवते. आपण दोघींनी तर त्यावरच घरं चालवली.

आता बातमी. मला सिनेमा आलाय. तीन मिनिटं दारात उभं राहून आशीर्वाद देणारी आजी नव्हे, चांगली अख्खी भूमिका. नवऱ्याच्या माघारी लोकांना नदीपार नेणारी होडी चालवणारी म्हातारी. दिग्दर्शक अनस नावाचा पोरगा, दाढी आहे म्हणून मोठा म्हणायचं. घरी आला, रमणीच्या हातचा फणसाचा अप्पम खाल्ला आणि म्हणाला, “अम्मा, एकच अट आहे. आवाज तुमचाच हवा. जागेवरच ध्वनिमुद्रण करणार, नंतर कुणी दुसरं बोलणार नाही.”

त्या पोराच्या जन्माआधीपासून अंबलप्पुळा विशालाक्षी, म्हणजे पडद्यावरची मी, म्हटलं की लोकांच्या कानात तुझा आवाज वाजतो. माझा चेहरा आणि तुझा गळा मिळून एक बाई झालेली. त्यातली अर्धीच त्याला हवी, आणि तीही नेमकी नको ती अर्धी. ओणम झाला की उत्तर देते, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. म्हणजे आता दिवस थोडेच उरलेत आणि मी तुला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही.

माझा आवाज तुला ठाऊकच आहे. नाटकमंडळीत होते तेव्हा त्याचं कौतुक व्हायचं, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस दचकायचा. मग सिनेमासाठी कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत आले. पहिल्याच निर्मात्यानं माझं एक वाक्य ऐकलं आणि माझ्यासमोरच मॅनेजरला म्हणाला, “चेहरा ठेवा, आवाज बदला.” नळ बदला म्हणावं तसं. मी रात्रभर रडले. दुसऱ्या आठवड्यात तू आलीस, ख्रिस्ती बायकांचा पांढरा पोलका-लुंगीचा चट्टा-मुंडू नेसलेली, कानात सोन्याच्या जाड कड्या, हातात चर्चचं पुस्तक. मला वाटलं नन आहे. मग तू काचेपलीकडच्या खोलीत उभी राहिलीस, पडद्यावर मी ओठ हलवले आणि त्यातून अशी काही मऊ आई बाहेर पडली, की मीच वळून बघितलं कोण बोललं म्हणून.

तुझा राग यायला हवा होता, नाही का? थोडा आलाही. पण तू बाहेर येऊन पहिलं वाक्य काय बोललीस? “कुट्टी, वाक्याच्या मध्ये तोंड मिटत जा गं, मला श्वास घ्यायला जागा दे.” त्या दिवसापासून तू माझी थोरली बहीण, चेची, आणि मी तुझी पोर, कुट्टी; तुझ्या श्वासाला जागा सोडत आले.

तारल्यांचं कालवण आठवतं? सिनेमात मुलाच्या प्रेतावर पडून रडायचं होतं. वाक्यं वाचून दाखवणारा माणूस चहाला गेलेला आणि माझ्या डोक्यातून सगळं पुसलेलं. कॅमेरा चालू. थांबले असते तर फिल्म वाया गेली म्हणून निर्मात्यानं मलाच त्या प्रेताशेजारी झोपवलं असतं. मग मी छाती पिटत, हंबरडा फोडत म्हणाले की तारल्या स्वच्छ धुऊन घ्या, कुडंपुळीचा आंबटपणा नीट उतरू द्या, खोबरेल वरून सोडा. कॅमेरामन डोळे पुसत होता. तू स्टुडिओत माझे ओठ वाचलेस आणि हसून हसून खाली बसलीस. मग उठून, पाणी पिऊन, त्या कालवणावर ‘माझ्या राजा, एकदा डोळे उघड’ असं काही बेतून बसवलंस, की त्रिशूरच्या थिएटरात एका बाईला चक्कर आली. अजूनही टीव्हीवर तो सिनेमा लागला की रमणी पदर तोंडाला लावते. मला मात्र भूक लागते.

आणि चेंगन्नूरचं लग्न! यजमान मागेच लागले, अम्मांनी नवरीला दोन शब्द सांगावेत. मी तोंड उघडलं असतं तर नवरी मांडवातून पळाली असती. तू माझ्या मागे उभी राहिलीस. मी पदर ओठांवर धरला, मान हलवली आणि तू बोललीस. नवरीचा बाप ढसाढसा रडला. पायसम वाढेपर्यंत आपण हसू दाबून बसलो होतो, आणि परत येताना गाडीत तुला उचकी लागली ती आलुवापर्यंत.

मी विषय टाळते आहे हे तुला कळलंच असेल. पडद्यावर मी कुठे अडखळले हे तुला नेहमी माझ्या आधी कळायचं.

बरं, लिहिते. डॉक्टरांनी तुझ्या गळ्यातून आवाजाची पेटीच काढून टाकली. गाठ होती, काढली, तू वाचलीस. मी गुरुवायूरला दिवा लावला आणि तुझ्या चर्चमधल्या मातेलाही मेणबत्ती लावली, कुणाचाही रुसवा नको म्हणून. सगळे म्हणतात जीव वाचला हे काय कमी आहे. मीही तेच म्हणते. पण चेची, त्या दिवसापासून या घरात मी मोठ्यानं बोललेली नाही, फोनवर आणि त्या अनसपुढे बोलले तेवढंच. रमणीला खुणेनं सांगते. ती म्हणते, अम्मा रुसल्यात. रुसलेली नाही. तोंड उघडलं की फक्त माझाच आवाज येतो, आणि तो मला एकटीला ऐकवत नाही.

अनसनं जाण्यापूर्वी मला दोन पानं वाचायला लावली. वाचली. तो डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, “अम्मा, इथे का थांबलात? वाक्य तर संपलं नाही.”

“इथे एली श्वास घेते,” मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. पण दाढीवाला असला तरी शहाणा आहे, पुढे विचारलं नाही. दुसरा अप्पम मागितला.

तर मला हो म्हणायचं आहे. हे पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. या वयात लोक माझा आवाज ऐकून हसले तरी मी मरणार नाही. भीती वेगळीच आहे. माझा आवाज बरा वाटला, लोकांना आवडला, तर तुला काय वाटेल? मी तुझी जागा पुसून टाकली असं वाटेल का? तू नको म्हटलंस तर मी नाही म्हणेन, आणि तुला त्याबद्दल चकार शब्दानं बोलणार नाही. पण नको म्हणायला तरी तोंड इकडे वळव.

इस्पितळात तू भिंतीकडे वळलीस. मी एवढ्या लांबून आले, खुर्ची ओढून बसले, आणि माझ्या नशिबी तुझी पाठ. जॅन्सीला वाटतं तू माझ्यावर रागावलीस. तिनं नंतर माझी समजूत काढली, बिचारीनं. पण त्याआधी काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. आजवर कुणालाच नाही.

मी आत आले तेव्हा तू माझ्याकडे बघून ओठ हलवलेस. आवाज नाही, नुसते ओठ. जॅन्सी गडबडली, ‘काय हवं अम्माची, पाणी हवं?’ म्हणत तुझ्या हातात वही-पेन कोंबायला लागली. ते पेन बघून तू तोंड फिरवलंस. तुला वाटलं, आता जन्मभर लिहून दाखवायचं, आणि लोकांनी चष्मा शोधायचा. हो ना?

पण मला वही लागली नव्हती, चेची. कोडंबाक्कमच्या त्या काचेबाहेर बाकावर बसून मी वर्षानुवर्षं काय केलं? आतला आवाज बाहेर येत नसे. मी तुझे ओठ बघायचे आणि मला अक्षर न् अक्षर कळायचं. त्या दिवशीही कळलं. माझ्या घशात हुंदका होता म्हणून उत्तर देता आलं नाही, आणि तू समजलीस की हिलाही कळलं नाही.

शूटिंग इथेच, नदीवर आहे. तू ये. मी जॅन्सीशी बोलते, गाडी पाठवते. कॅमेऱ्याशेजारी तुझी खुर्ची असेल, वर छत्री. माझं प्रत्येक वाक्य आधी तू बोलायचंस, ओठांनी. मी ते बघून म्हणेन. श्वास कुठे घ्यायचा ते तूच ठरव. संध्याकाळी बाजारात जाऊ. मासेवाल्याशी भाव करायला तू ओठ हलव, घासाघीस मी माझ्या या भसाड्या गळ्यानं करीन. तो घाबरून स्वस्तच देईल.

आणि तू त्या दिवशी विचारलंस ना, “कुट्टी, जेवलीस का?”

नाही जेवले, चेची. उपाशीच आले होते, उपाशीच परत गेले. तू ये, मग बसू.

तुझ्या ओठांकडे बघत असलेली,
विशालम्