रिकामा आलेला डबा

सानपाडा,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

तीर्थरूप शकुआत्यांना उज्वलाचा नमस्कार. नमस्कार रागातला आहे, पण वाकून केलेला आहे. तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि तुमचा स्वभाव, तिन्ही जिथल्या तिथे असतील असं धरून चालते. इकडे दिलीप बरा आहे, ईश्वरी अभ्यास सोडून बाकी सगळं करते आहे आणि मी गेला महिनाभर संतापलेली आहे. फोनवरच बोलले असते, पण मी मुद्द्यावर आले की तुमचं दूध उतू जातं. (एका म्हशीचं दूध दिवसातून चार वेळा उतू जातं, तरी ती म्हैस अजून तुमच्याकडे टिकून आहे, याचं मला नवल वाटतं.) पत्र मात्र मध्येच ठेवून देता येत नाही. दूध आधी उतरवा आणि बसा.

तर डबा. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. सतराही वर्षं अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला, कोरेगावहून मार्केटला आलं घेऊन येणारा आपला मारोती तुमचा तो कडीचा डबा आणून देतो, तोंडाला फडकं बांधलेला, आत वर्षाचा कांदा-लसूण मसाला. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा डबा चुकला नव्हता. आणि डबा परत पाठवताना मी कधी तो मोकळा पाठवला नाही, कारण मोकळा डबा देऊ नये हे मला तुम्हीच शिकवलंत. यंदा मी फडकं सोडलं तर आत नुसता वास आणि एक चिठ्ठी. "यंदापासून तू भर." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही! वाण्याच्या चिठ्ठीवर याहून जास्त मजकूर असतो. दिलीप म्हणाला, बघ, आत्यानं तुला तयार केली. मी म्हटलं, सतरा वर्षांत काही शिकवायचं नाही आणि अठराव्या वर्षी परीक्षेला बसवायचं, याला तयार करणं म्हणत नाहीत.

माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मी फोनवर म्हटलं होतं की मसाला यंदा जरा खारट लागतोय. जरा म्हटलं होतं, आत्या. खरं तर आमटीत दुसरं मीठ घालावंच लागत नव्हतं. पण तुम्ही ते मनाला लावून घेतलंत आणि वर्षभर जपून ठेवलंत. (साठवण तुमच्याकडूनच शिकावी.)

मग मीही हट्टाला पेटले. तसंही ईश्वरीची अकरावी आणि तिच्या क्लासची फी सुरू होणार, म्हणून यंदा बाहेरचं काही आणायचं नाही, वर्षाचं सगळं घरात भरायचं, असं आम्ही ठरवलंच होतं. दिलीप उत्साहाने मार्केटला गेला आणि कांद्याची अख्खी गोणी खांद्यावर घेऊन आला, म्हणजे खांदा हमालाचा होता, उत्साह याचा. कांदा कसा ठेवायचा म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, अंधारात ठेव, आणि दूध उतू गेलं. आता दोन खोल्यांच्या घरात अंधार कुठला? एकच जागा, आमच्या पलंगाखालचा बॉक्स. तिथे पूर्वी गोधड्या होत्या, तिथे आम्ही पन्नास किलो कांदा ओतला, वर प्लाय, वर गादी, वर आम्ही. कांद्याला वारा लागतो हे पुढचं वाक्य तुमच्या दुधाबरोबर गेलं.

तिसऱ्या आठवड्यात घरात वास सुटला. मला वाटलं ड्रेनेज, दिलीपला वाटलं शेजारी. शेजाऱ्यांना वाटलं गॅस. त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित साळुंखे यांना कळवलं, त्यांनी सगळी विंग खाली उतरवली आणि पाइप गॅसवाल्यांना बोलावलं. त्यांचा माणूस हातात यंत्र घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरला, नळी तपासली, मग नाक वर करून चालत चालत बेडरूममध्ये गेला. "मॅडम, गॅस बरोबर आहे. पलंगात काय ठेवलंय?" सगळ्या विंगेसमोर बादल्या भरभरून कांदे जिन्यावरून खाली गेले, आत्या. काहींना हातभर कोंब आले होते. चौथ्या मजल्यावरच्या सुचित्राताई म्हणाल्या, अगोबाई, शेती करता का? मी हसले. ते हसणं मी तुमच्या नावावर मांडून ठेवलं आहे.

अर्धी गोणी वाचली. ती चिरून मी गच्चीवर चादरीवर वाळत घातली. किती वाळवू म्हणून विचारलं तर तुमचं उत्तर, "वाजंपर्यंत." कोरेगावात वाजत असेल. इथे खाडीचा वारा आहे, इथे पापडसुद्धा गप्प असतात. बेलापूरच्या ऑफिसला निघण्याआधी आणि आल्यावर, असे सहा दिवस मी गच्चीवर उकिडवी बसून मुठीत कांदा हलवत कानाशी धरत होते. सहाव्या दिवशी साळुंखे टाकी बघायला वर आले. ते बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, काय टेन्शन आहे का? दिलीपरावांशी बोलू का?" त्याच क्षणी कांदा वाजला. मी त्यांनाही ऐकवला.

मग मिरची, खोबरं, लसूण, सगळं भाजून, खोकून, तुर्भ्याच्या डंकावर कुटायला नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, ताई, मीठ किती घालू? मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. "आगं, अंदाजानं. मुठीनं घाल." कुणाच्या मुठीनं? तुमची मूठ भाकरी थापणारी, माझी कीबोर्डवरची. दोन्हींत सारखं मीठ मावेल का? दूध उतू गेलं. मी बाईंना म्हटलं, मीठ राहू द्या, घरी घालीन. म्हणजे आजवर जो अंदाज मी गोडीने ऐकून घेतला, तो अंदाज नसून कुलूप होतं, आणि किल्ली तुम्ही कमरेला लावून बसला आहात. एवढी माणसं जोडलीत, एकीच्या हातात एक मूठ मीठ नाही ठेवलंत. याचा राग येणार नाही तर काय होईल?

डबा मारोतीबरोबर परत पाठवते आहे. मोकळाच. वाईट वाटलं तर वाटू दे.

तुमची (अजूनही),
उज्वला

ता. क. : पत्र चिकटवलं होतं, ते उघडलं. मारोती डबा न्यायला आला, चहा प्यायला आणि बोलून गेला. यंदा तुम्ही मसाला केला होता म्हणे. मीठ दोनदा पडलं. मग तिसऱ्यांदाही. सगळा परड्यातल्या खड्ड्यात घातलात आणि कुणाला सांगू नको म्हणालात. सांडलेला तांदूळ दाणा दाणा वेचणाऱ्या तुम्ही! आत्या, वर जे लिहिलंय त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही, कारण माझा राग वाढलाच आहे. हे मला मारोतीनं सांगावं?

ता. क. २ : माझ्याकडे वजनकाटा आहे, ग्रॅम दाखवणारा. तुमचा हात विसरला तर विसरू दे. तुम्ही मूठ भरायची, मी ती काट्यावर धरणार, ईश्वरी वहीत लिहिणार. दहादा चुकली तर दहादा भरायची. मिठाचा तोटा नाही. मारोती मंगळवारी रिकामी गाडी घेऊन तिकडे येतो, शुक्रवारी भरून इकडे निघतो. त्याच्या शेजारची जागा मी तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे. म्हैस शेजारघरच्या पंढरीकडे द्या, त्यालाही कळू दे दूध कसं उतू जातं.

ता. क. ३ : डबा पाठवत नाही. तो माझ्या ओट्यावर आहे, मसाल्याने काठोकाठ भरलेला. मीठ अजून घातलेलं नाही. बिनमिठाचा मसाला फार दिवस टिकत नाही, हे तुम्हीच सांगितलेलं. काय ते बघा.