सुमन मावशीचं द्वारदर्शन

८ नोव्हेंबर
नि.ने पुण्यात बसून इथे जळगावला फायबर लावून दिलं. दोघं आले, भिंतीला भोक पाडलं, भुगा सांडून गेले. झाडला मीच. कपाटावर डबी, तिच्यावर हिरवा दिवा.
"आई, जगातलं सगळं बघ आता. वेळ कसा जातो कळणार पण नाही."
अरे, वेळ जात नाही असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, तू येत नाहीस. पोटचा पोरगा, पण नेमकं तेवढंच ऐकू येत नाही त्याला.

११ नोव्हें.
सिरीज बघतेय. हिंदी. सगळे एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या देतात, मग गोळ्या घालतात. आवाज बारीक ठेवते, नाहीतर खालच्या मीनाताई म्हणायच्या बाई बिघडली.
आधी केबलवर मालिका लागली की मीनाताई चटई घेऊन वर यायच्या. जाहिराती लागल्या की आम्ही दोघी त्या सासूला मनसोक्त शिव्या घालायचो. आज हाक मारली तर खालूनच ओरडल्या, "माझा सहावा भाग चाललाय!" त्यांचं वेगळं, सुनेचं वेगळं, नातवाचं तिसरंच. ज्याचं त्याच्या हातात.
मधेच पडदा थांबतो. अजून बघताय का, विचारतो. हो रे बाबा, आहे अजून जिवंत.

१९ नोव्हें.
आज एक अहिराणी सिरीज सापडली! धुळ्याकडची पोरं काढतात, शूटिंग पारोळ्याजवळच्या खेड्यात. गोठा खरा, शेण खरं, बांधावरचं भांडण तर इतकं खरं की मी एकटीच खो खो हसले. मग एकटीच हसतेय हे लक्षात आलं आणि गप्प बसले.
सासू झालेली बाई मात्र अगदीच पाणचट. खाली लिहिलं: 'सासू अशी नसते. सासू आधी भांडं आपटते, मग बोलते.' चष्मा न लावता, रागाच्या भरात पाठवून दिलं.

२१ नोव्हें.
उत्तर आलं. पंकज म्हणून मुलगा आहे, सिरीज तोच लिहितो, तोच काढतो. एरवी धुळ्यात खताचं दुकान. 'मावशी, मग तुम्हीच या नं.' वाटलं चेष्टा करतोय. नंबर दिला तर लगेच फोन. मी म्हटलं, बाबा रे, नाटकात कधी काम केलेलं नाही. जळगाव स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माईकवर गाड्या पुकारल्या जन्मभर, तेवढंच काय ते.
"मंग तं कामच व्हयी गयं, मावशी!"

२४ नोव्हें.
जाणार आहे. खरं कारण इथे लिहून ठेवते, दुसरीकडे सांगायची सोय नाही.
अक्का. माझी थोरली बहीण, शिरपूरला असते. तिच्या मुलाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, मी मांडवात नवरदेवाशेजारी बसले होते. भर बायकांत तिने मला उठवलं. "सुमी, तू आत बस." का, ते सांगावं लागलं नाही. माझ्या कपाळाकडे बघितलं फक्त. मी आत नाही बसले, सरळ स्टँडवर गेले. चार वर्षं झाली, बोलणं बंद. यापुढे नुसतं अ. लिहीन, पूर्ण नाव लिहायला घेतलं की हात अडतो.
अ.चा नंबर पाठ आहे. लावत नाही. तिने उठवलं, तिने लावावा.
पण अ.च्या घरी ही सिरीज लागत असणारच. तिकडे घरोघर लागते. मी दिसेन तिला. दिसले की फोन करेल. बस, एवढ्यासाठी जातेय.

२ डिसेंबर
पहिलं शूटिंग. सुनेवर ओरडायचं होतं. ओरडले, तर सून झालेली पोरगी खरंच रडली. मग मीच तिला जवळ घेतलं. पं. खूश. "मावशी, हे भांडं आपटणं कुठे शिकलात?"
शिकायला कशाला लागतं? अ. तवा जसा ओट्यावर आदळते, थेट तसा आदळला. कमरेवर डावा हात, मान तिरकी. हुबेहूब तीच.
दुपारी लिंबाखाली सगळ्यांची एकच पंगत. भरीत, कळण्याची भाकरी. कोणीतरी न विचारता माझ्या ताटात भाकरी वाढली. डोळ्यात पाणीच आलं, म्हटलं मिरची लागली.
घरी आले. कुलूप उघडताना केवढा आवाज होतो.

२० डिसें.
सिरीजमध्ये माझं नावही सुमनच. पं. म्हणतो, नाव वेगळं ठेवलं की पोरं विसरतात, भलत्याच नावाने हाक मारतात. भाजीवालीने ओळखलं आज. बँकेतली मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखी सासू नको गं बाई!" खाली लोक लिहितात, मावशी एक नंबर. कुठले कुठले, सुरतचे, नाशिकचे. सगळं वाचते. शिरपूरचं कोणी आहे का बघते. आहेत बरेच. ती नाही.

४ जाने.
नि.चा फोन. "आई, ऑफिसात दाखवलं मी कोणाला तरी. पण जरा शुद्ध बोलत जा नं."
म्हटलं, तुला झोपवलं ते याच बोलीत. म्हणाला, मीटिंग आहे.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी
पं. गोडगोड बोलत होता तेव्हाच कळायला हवं होतं. मला मारणार आहेत! मुंबईचं कुठलंसं ॲप सिरीज घ्यायचं म्हणतंय. त्यांना तरुण गोष्ट हवी, सासू नको. "मावशी, तुम्ही गेल्या का पब्लिक रडी, मंग ते पुढे पाठवतीन."
म्हणजे ती पंगत गेली. आणि अ.ने अजून फोन केला नाही.

१६ फेब्रु.
मेले. अंगणात आडवी, नाकात कापूस. फोटोला हार हवा होता, पोरांनी कागदी आणला. म्हटलं, मेले तरी कागदी घालणार का रे? झेंडूचा आणा. आणला. मीच वास घेऊन पाहिला.
गावातल्याच बायका रडायला बोलावल्या होत्या. एक म्हातारी खरंच गळा काढून रडली, कट म्हटलं तरी थांबेना. डोळे मिटून पडल्या पडल्या एकच डोक्यात, मी गेले तर अ. येईल का? रडेल का?
मग कापूस टोचायला लागला आणि शिंक आली. सगळं परत करावं लागलं.

१९ फेब्रु.
नव्या भागाची जाहिरात म्हणून पं.ने कार्ड टाकलं. माझा तोच हारवाला फोटो, खाली 'आमच्या लाडक्या सुमन मावशी', द्वारदर्शन उद्या सकाळी, म्हणजे दारावर सांत्वनाला तेव्हा यायचं. आपल्याकडे मयताचं असतं तस्संच कार्ड, सिरीजचं नाव अगदी तळाला बारीक. म्हटलं, अरे, लोक खरं समजतील. "तेच तं पाहिजे, मावशी!" हसला. मी पण हसले.

२० फेब्रु.
कोणीतरी कार्डाचा तळ कापून समाजाच्या ग्रुपवर टाकलं.
सकाळपासून दारावर माणसं. पहिले आले नशिराबादचे नाना. दार मीच उघडलं. मला बघून जिन्याचा कठडाच धरून बसले. पाणी पाजलं. मग पारोळ्याच्या दोघी जावा. मग स्टँडवरचे जुने ड्रायव्हर. एवढी माणसं या घरात हे गेल्यानंतर पहिल्यांदाच आली. जो तो म्हणे, आयुष्य वाढलं तुमचं. मनात म्हटलं, वाढवून करू काय? फोनही वाजत होता, पण मी हॅलो म्हटलं की समोरचा कापायचा. नि.ला मीच सांगितलं, तो "काय फालतूपणा आहे हा" म्हणून चिडला, मग आवाज चिरकला त्याचा. बरं वाटलं.
दुपारी पीठ चाळत होते. गल्लीच्या कोपऱ्यावर जीप थांबली आणि रडणं ऐकू आलं. आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही.
अक्का.
दारावर येणाऱ्या बाया कोपऱ्यापासूनच गळा काढतात, तशी येत होती. मेलेलीशी बोलत बोलत. म्हणजे माझ्याशी.
"ओ सुमी वं... मन्ही सुमी वं... मोठी मी अठेच राहीनी, नि तू पुढे गयी वं... भर मांडोमाईन तुले उठाडं वं... मन्हा हात झडी जावोत वं... रोज फोनमा तुले देखू वं, बोलाले तोंड नही व्हतं वं..."
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, हातात चाळणी. ओरडून सांगायला हवं होतं, अक्का, मी आहे. नाही सांगितलं. ऐकायचं होतं मला. चार वर्षं हेच तर ऐकायचं होतं. ती एकेक पायरी चढत होती, पदर डोळ्यांवर, आणि मी तिला रडू दिलं.
मग पदर बाजूला झाला.
"सुमी?"
"हं."
"तू जित्ती शेस?"
पुढे काय झालं नीट आठवत नाही. तिने पाठीत धपाधप गुद्दे घातले, चाळणी खाली गेली, पीठ दोघींच्या अंगावर. "मन्ही नक्कल करस, नि मरी बी जास! लाज शे का तुले?" मी हसत होते की रडत होते, देव जाणे. सोबतच्या बाया आधी घाबरल्या, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तिथेच बिनसलं. अक्काला हसलेलं चालत नाही, लहानपणापासून. एकदम उठली. पाणी देऊ का म्हटलं, नको. चहाचं विचारेपर्यंत खाली गेली, जीपमध्ये बसली. मागे वळून बघितलं नाही.
'येते' पण म्हणाली नाही.
दारावरून निघताना 'येते' म्हणायचं नसतंच, ते बरोबर आहे. पण मी मेले नव्हते ना! रिवाज म्हणून बोलली नाही की रागाने, कसं कळायचं?

२१ फेब्रु.
पायरीवर पिशवी राहिली. आत स्टीलचा डबा. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नेतात तो. पिठलं, ज्वारीची भाकरी. आणि एका कोपऱ्यात लाल मिरचीचा ठेचा. मयताच्या डब्यात ठेचा कोण देतं? तो फक्त मला लागतो, माझ्या घरात दुसऱ्या कोणी कधी खाल्ला नाही. कोणासाठी घातला तिने? नुसती हाताची सवय की काय?
माझ्याच मयताचा डबा मी बसून खाल्ला. पुसून खाल्ला.

२८ फेब्रु.
फोन नाही. अक्काचा नंबर दोनदा पडद्यावर आणला, पुसला. लावून बोलू काय? तिने जे बोलायचं ते मेलेल्या सुमीशी बोलून झालं, जित्तीशी बोलायचं काही उरलंय का ते तिलाच माहीत. आणि ती हसणं मनात धरणारी.
पं.चा मात्र आला. कार्ड गावोगाव फिरलं, भाग तुफान चालला, मुंबईचं ॲप म्हणतं सासू परत आणा. "मावशी, तुम्हनी जुळी बहीन आनू. सुरतहून येस." म्हटलं, थांब जरा, आधी माझी खरी बहीण तरी आणू दे. त्याला काही कळलं नाही. शूटिंग गुरुवारी.
तीन महिन्यांपूर्वी उड्या मारल्या असत्या. आज हो म्हणवेना.

४ मार्च
डबा घासून पालथा घातलाय. येताजाता दिसतो. रिकामा डबा कसा परत करायचा? दराब्याचे लाडू केले, अक्काला आवडतात. हात भरून आले तूप-साखर फेटून. गोड केलं म्हणजे सुतक फिटलं. स्वतःचं सुतक स्वतःच फेडणारी बाई खान्देशात मी एकटीच असेन.
मीनाताई वास आला म्हणून वर आल्या, चटई न घेता. उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला, म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं रडणं ऐकून मी माझा भाग बंद केला हो त्या दिवशी." मग जरा बसल्या.

५ मार्च, गुरुवार
पारोळा स्टँड. गाडी थांबलीये, अक्षर वाकडं येतंय. पं.ची पोरं इथूनच मला गाडीवर खेड्यात न्यायची. आज उतरले नाही. पं.चा फोन दोनदा वाजला, तिसऱ्यांदा घेतला, सांगितलं, धुळ्यावरून पुढे चाललेय, शिरपूरला. "मंग सीन?" म्हटलं, तिकडेच आहे.
मांडीवर डबा. अक्काला कळवलेलं नाही. दारावर जाताना कळवत नाहीत, तिनेही कुठे कळवलं होतं. दार उघडेल ना? सून उघडेल कदाचित, आणि ही आतून विचारेल, कोण शे? मग? तोंडासमोर उभी राहून मला काही बोलता येणार नाही, तिला तर नाहीच नाही. आम्हा दोघींना सरळ बोलताच येत नाही, आईने शिकवलंच नाही. रडत रडत मात्र काय काय बोलली ती.
कंडक्टरने घंटी दिली. डबा गरम लागतोय मांडीला, लाडू कालचे आहेत तरी.
शिरपूरला तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरले की तिथूनच गळा काढायचा का, ते अजून ठरत नाहीये.